मुद्रित कोश आणि ज्ञानाचे उत्तरदायित्व

मार्च २०१२ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या चालकांनी यापुढे मुद्रित आवृत्ती न काढण्याचा निर्णय जाहीर केला. १७६८ मध्ये एडिंबरो येथे सुरू झालेली परंपरा २०१० च्या ३२ खंडांच्या आवृत्तीपाशी थांबली. तंत्रज्ञानातील एक अपरिहार्य स्थित्यंतर म्हणून या घटनेची नोंद झाली आणि ती योग्यच होती. परंतु या स्थित्यंतराच्या पोटी एक नैतिक प्रश्नही आहे. ज्ञानविषयक विधान करणाऱ्याने त्या विधानाशी कितपत बांधलेले असावे, हा तो प्रश्न होय.

मराठीला हा प्रश्न परका नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी मर्यादित मंडळी स्थापन केली, भांडवल उभारले, वर्गणीदार मिळवले. पुढे लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. १९९४ मध्ये शास्त्रीजी निवर्तले तेव्हा अखेरचे खंड निघावयाचे होते. एका आयुष्यात न मावणारे काम हाती घेणे हा एक प्रकारचा संकल्पच असतो. या विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव छापलेले असते. छापलेला शब्द मागे घेता येत नाही, ही जाणीव त्या नावामागे उभी असते. छापण्यापूर्वीचे थबकणे, पुन्हा पडताळणे, संशयास्पद मजकूर गाळणे ही सारी त्या जाणिवेचीच फळे होत.

तथापि या बंधनाचे गोडवे गाताना त्याची किंमतही पाहिली पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले, आणि जगभरच्या ग्रंथालयांतील असंख्य खंड नऊ ग्रह मोजीत राहिले. वर्णानुक्रमे निघणाऱ्या कोशाचे शेवटचे अक्षर उजाडेपर्यंत पहिल्या अक्षराचे ज्ञान जुने होते. शिवाय हे खंड महाग. सामान्य वाचकाला ते बहुधा ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटातच दिसत. त्यातील चूक ध्यानी आली तरी ती सुधारण्याचा मार्ग त्याच्या हाती नव्हता. अचूकतेचा दावाही निर्णायक ठरत नाही. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ नोंदींची तुलना करविली. तीत विकिपीडियाच्या नोंदीमागे सरासरी चार, तर ब्रिटानिकाच्या नोंदीमागे तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तुलनेवर आक्षेप घेतला. पण अंतर समजले जाई तेवढे मोठे नाही, हे लोकांच्या लक्षात आले.

मग मुद्रित कोशापाशी विशेष असे काय होते? त्याची चूक दिसत राहत असे आणि ती कोणाची हेही कळत असे. पडद्यावरील चूक क्षणात दुरुस्त होते, हा निःसंशय लाभ आहे. मात्र कालच्या मजकुरावर विसंबून ज्याने निर्णय घेतला, त्याला आजच्या दुरुस्तीची वार्ता पोहोचत नाही. विकिपीडिया प्रत्येक बदलाचा इतिहास जपतो, आणि हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण अनेकांत वाटलेले उत्तरदायित्व प्रत्येकाच्या वाट्याला फार हलके येते, आणि ते टोपणनावाने वाहिले जात असेल तर अधिकच हलके. यंत्राने क्षणार्धात रचलेल्या उत्तराबाबत तर प्रश्न आणखी बिकट होतो. तेथे विधान असते, पण त्याबद्दल जाब द्यावयास उभा राहणारा कर्ता नसतो.

छोट्या वाचकवर्गाच्या भाषेत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. इंग्रजी पानावरील चूक पाहणारे डोळे असंख्य असतात. मराठी पानावरील चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते आणि तेथून विद्यार्थ्याच्या वहीत, वहीतून पुढच्या पुस्तकात शिरू शकते. जेथे तपासणारे थोडे, तेथे लिहिणाऱ्यावरील भार अधिक.

मुद्रित कोशांचे युग परत येणार नाही. ते यावे असा हट्टही व्यर्थ आहे. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आज संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात, आणि त्यामुळे त्यांचे वाचक वाढले तर त्यांच्या कर्त्यांचा हेतू सफलच होईल. कागद हे त्या कोशांचे वाहन होते. विधानाखाली आपले नाव आणि काळ नोंदवणे व चूक झाल्यास ती उघडपणे दुरुस्त करणे हा त्यांनी घालून दिलेला धर्म होय. छापखान्याच्या सक्तीने तो पूर्वी काही अंशी आपोआप पाळला जाई. आता ती सक्ती उरलेली नाही. म्हणूनच तो पाळणे यापुढे सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहील.