मोठ्यांच्या जहाजाचा हिशोब

टॉम मॅकॅल्पिन एकेकाळी डिस्ने क्रूझ लाइनचे अध्यक्ष होते. लहान मुलांना डोळ्यांपुढे ठेवून जहाज कसं चालवावं, हे त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. व्हर्जिन समूहाचे रिचर्ड ब्रॅन्सन यांनी डिसेंबर २०१४मध्ये क्रूझच्या धंद्यात उतरत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कंपनीची सूत्रं त्यांनी याच मॅकॅल्पिन यांच्याकडे सोपवली. पुढे ठरलं ते असं, की व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजावर अठरा वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही. बुफे नाही, कपड्यांची सक्ती नाही, हजार माणसं एका वेळी जेवायला बसतील असा भव्य भोजनकक्षही नाही. त्याऐवजी वीसेक छोटी उपाहारगृहं, आणि चक्क गोंदवून देणारं दुकान.

अशा जहाजाला पुरेसे प्रवासी मिळतील का, हा प्रश्न घोषणेच्या दिवसापासून विचारला जातो आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, आणि तो एका धनाढ्य उद्योजकाच्या नफ्यातोट्यापुरता नाही. मोठ्या माणसांना, मुलांचं निमित्त न करता, स्वतःसाठी म्हणून सुट्टी घ्यायची मुभा समाज आणि बाजार किती देतो, हे या प्रश्नातून कळतं.

आधी नुसती डोकी मोजू. व्हर्जिनची चार जहाजं आहेत आणि प्रत्येकावर साधारण २,७७० प्रवासी मावतात. सरासरी सहा दिवसांची सफर धरली तर वर्षाला साठेक फेऱ्या होतात. म्हणजे चारही जहाजं भरायला पावणेसात लाखांच्या आसपास माणसं लागतात. २०२४मध्ये जगभरात सुमारे ३ कोटी ४६ लाख लोकांनी समुद्री क्रूझ केली. शंभरातले दोन जण आले तरी व्हर्जिनचं भागतं. तेव्हा 'इतकी माणसं आणायची कुठून' ही चिंता मला अनाठायी वाटते. अडचण दुसरीकडे आहे.

क्रूझच्या धंद्यात केबिनमागे दोन माणसं धरून जहाजाची क्षमता मोजतात. भरलेलं जहाज म्हणजे शंभर टक्के नव्हे, तर त्याहून जास्त, कारण तिसऱ्या आणि चौथ्या पलंगावर मुलं झोपतात. रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४मध्ये निघालं. दोनाच्या हिशोबाने त्यावर ५,६१० माणसं मावतात, पण प्रत्यक्षात ७,६०० पर्यंत जाऊ शकतात. मधला जवळजवळ दोन हजारांचा फरक मुख्यतः कुटुंबांच्या जोरावर भरून निघतो. या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, पण त्याच्यासाठी वेगळी केबिन बांधावी लागत नाही. मुलांना मज्जाव करणारी कंपनी हे उत्पन्न पहिल्याच दिवशी सोडून देते. वर उन्हाळ्याच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत कुटुंबं वाटेल ते भाडं मोजायला तयार असतात, तो हंगामही तिच्या हाताला पुरता लागत नाही.

खर्च मात्र तेवढाच राहतो. जहाजावर साडेअकराशेच्या आसपास कर्मचारी असतात, इंधन असतं, बंदराचे आकार असतात, बँकेचे हप्ते असतात. निम्म्या केबिन रिकाम्या गेल्या म्हणून यातलं काहीच निम्मं होत नाही. मंडई उठायच्या वेळी उरलेल्या मेथीचं जे होतं, तेच जहाज सुटायच्या आठवड्यात उरलेल्या केबिनचं होतं. मिळेल त्या भावाला ती काढावी लागते. वेगळं जहाज चालवणाऱ्याला सर्वांत मोठा धोका इथेच असतो. भाव पाडून जहाज भरलं, की त्यावर ज्यांना ते वेगळेपण हवंच नव्हतं अशी माणसं येतात. त्यांना बुफे हवा असतो, तो सापडत नाही. पोहायचा मोठा तलाव हवा असतो, तो लहान वाटतो. ती नाराज होऊन परततात, आणि ज्याला हे जहाज खरोखर मानवलं असतं त्याच्या कानावर आधी त्यांचं गाऱ्हाणं जातं.

व्हर्जिनच्या वाट्याला नशिबाचे फटकेही आले. 'स्कार्लेट लेडी' हे पहिलं जहाज जेनोआजवळच्या गोदीत तयार होऊन फेब्रुवारी २०२०मध्ये ताब्यात मिळालं आणि महिन्याभरात कोरोनामुळे जगातली सगळी क्रूझ वाहतूक थांबली. प्रवासी चढले ते थेट ऑगस्ट २०२१मध्ये, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरात. 'रेझिलियंट लेडी' २०२३च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाला गेलं, मेलबर्नहून एक हंगाम करून परतलं, आणि पुढचा हंगाम तांबड्या समुद्रातल्या धोक्याचं कारण देऊन रद्द झाला. चौथं जहाज, 'ब्रिलियंट लेडी', २०२३ संपायच्या सुमारास बांधून तयार होतं, पण त्याने प्रवासी घेतले सप्टेंबर २०२५मध्ये, न्यूयॉर्कहून. कारणं काही का असेनात, नवं कोरं जहाज दीड वर्षाहून जास्त काळ प्रवाशांविना ठेवणं कोणत्याही कंपनीला परवडणारं नाही. तरीही ही कंपनी टिकली, चारही जहाजं पाण्यात आहेत, याचं श्रेय मी तिच्या कल्पनेला देतो. नुसत्या भांडवलावर एवढं निभत नाही.

जुने दाखले पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. रेनेसांस क्रूझेस ही कंपनी मुलांना घेत नसे आणि जहाजावर धूम्रपानही चालत नसे. सप्टेंबर २००१मध्ये ती बुडाली. त्यावरून 'मोठ्यांचं जहाज चालत नाही' असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो चूक होता. ती बुडाली ती भराभर बांधलेल्या जहाजांच्या कर्जाने, प्रवास-एजंटांशी घेतलेल्या भांडणाने आणि न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर आटलेल्या प्रवासाने. तिचीच जहाजं पुढे ओशियानिया आणि अझमारा या कंपन्यांनी वर्षानुवर्षं नीट चालवली. उलट कार्निव्हलच्या 'पॅरडाइज'चा धडा खरा आहे. १९९८मध्ये आलेलं हे जहाज पूर्णपणे धूम्रपानमुक्त होतं. सिगारेट ओढताना सापडलेल्या प्रवाशाला अडीचशे डॉलर दंड करून पुढच्या बंदरात उतरवून देत. २००४मध्ये हा नियम मागे घेतला गेला. सिगारेट न ओढणारी माणसं दारूवर आणि जुगारावरही कमी खर्च करतात, असं त्याचं कारण क्रूझवाल्यांत आजही सांगितलं जातं. जहाज भरलेलं असून गल्ला रिकामा, ही अवस्था रिकाम्या जहाजापेक्षा फार बरी नसते.

याच काळात मोठ्यांची शांत जहाजं मात्र व्यवस्थित चालत होती. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीचं 'अर्केडिया' २००५पासून फक्त मोठ्यांसाठी आहे. सागा ही कंपनी मुख्यतः पन्नाशी उलटलेल्यांसाठी आहे. वायकिंगने आपल्या जहाजांवर अठराची अट घातली आणि वर कसिनोही ठेवला नाही. त्यांचा प्रवासी ठरलेला आहे: निवृत्त, पैसा राखून असलेला, वाचणारा, इतिहासावरचं व्याख्यान ऐकायला वेळेवर येऊन बसणारा. तो हंगामाची वाट पाहत नाही आणि आवडलं तर परत परत येतो.

व्हर्जिनने हा प्रवासी सोडून दुसरा मागितला. तिथल्या एका कोरियन उपाहारगृहाचं उदाहरण घ्या. टेबलाच्या मधोमध शेगडी, भोवती एकमेकांना न ओळखणारी माणसं, मांस भाजलं जात असताना सोजू या कोरियन दारूचे पेले आणि खेळ. ज्याला अनोळखी माणसांत मिसळायचं आहे त्याच्यासाठी ही संध्याकाळ अविस्मरणीय ठरेल. ज्याला समुद्राकडे बघत मुकाट जेवायचं आहे तो दहा मिनिटांत उठेल. त्याच जहाजावर बाल्कनीत लाल झोपाळा टांगलेला असतो, दोन झाडांना बांधतात तसला. त्यात पडून दिवसभर पुस्तक वाचता येतं. शेगडीभोवतीचा माणूस आणि झोपाळ्यातला माणूस, दोघेही मोठेच आणि दोघांनाही मुलं नको आहेत. पण दोघांना हवं ते अगदी वेगळं आहे. 'मुलं नाहीत' एवढ्यावर कुणी तिकीट काढत नाही. त्या जागी काय आहे, यावर काढतो. व्हर्जिनला शेगडी आणि झोपाळा दोन्ही हवे आहेत आणि मला वाटतं तिचं बळ आणि तिचा पेच, दोन्ही यातच आहे.

मुलांना वगळण्यावर नैतिक आक्षेपही घेतला जातो. तो मला पटत नाही. महाराष्ट्रात प्रवास म्हटलं की आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर निघतं, आणि त्या प्रवासात आईचा अर्धा जीव डब्यात आणि अर्धा औषधांच्या पिशवीत अडकलेला असतो. म्हणून तर केसरीने आणि वीणा वर्ल्डने फक्त बायकांच्या सहली काढल्या तेव्हा त्यांना एवढा प्रतिसाद मिळाला. घरच्यांवर रागावून कुणी त्या सहलींना जात नाही. आठ दिवस कुणाची आई, कुणाची सून, कुणाची बायको न होता राहता येतं, म्हणून जातात. मोठ्या माणसाच्या विश्रांतीला स्वतःचं मोल आहे. ती कर्तव्यातून चोरलेली वेळ नव्हे.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. जगभरच्या क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची पुष्कळ माणसं काम करतात. स्वयंपाकघरात, केबिनच्या साफसफाईवर, बारमागे. महिनोन्महिने आपली मुलं गावी ठेवून ती समुद्रावर असतात. एप्रिल २०२०मध्ये 'मरेला डिस्कव्हरी'वरचे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात अडकून पडले होते, त्यांत गोव्याचे कितीतरी होते. जहाज रिकामं गेलं तर कंत्राटं आधी त्यांची थांबतात. तेव्हा एखादी क्रूझ कंपनी चालते की नाही, हा प्रश्न मडगावपासून फार लांबचा नाही.

आता मूळ मुद्दा. मोठ्यांसाठीच्या जहाजाला सर्वांत जवळचा गिऱ्हाईक कोण? ज्याच्यासोबत मुलं नाहीत तो. आणि अशा माणसांत एकटे फार असतात: विधवा, विधुर, घटस्फोटित, अविवाहित, किंवा ज्यांच्या जोडीदाराला समुद्र सोसत नाही असे. पण क्रूझचा सगळा हिशोब केबिनमागे दोघांचा. एकट्याने केबिन घेतली तर बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. 'नॉर्वेजियन एपिक'ने २०१०मध्ये एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन बांधल्या आणि हा गिऱ्हाईक खरोखर आहे हे दाखवून दिलं. सागाच्या 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी'वर प्रवासी हजाराच्या आत, तरी एकट्यांच्या केबिन शंभराहून जास्त. व्हर्जिनच्या जहाजांवरही अशा केबिन आहेत, पण २,७७० प्रवाशांच्या मानाने त्या फारच थोड्या. मुलांचा तिसरा-चौथा पलंग आपणहून सोडणारी कंपनी एकट्यांकडेही पाठ फिरवणार असेल, तर तिने दोन्ही बाजूंनी स्वतःचं दार लहान करून घेतलं.

चार जहाजांपुरते प्रवासी व्हर्जिनला मिळतील, याबद्दल मला शंका नाही. योग्य भावाला मिळतील का, हे मात्र जाहिरातीवर ठरणार नाही. ज्याला हे जहाज हवं आहे त्याला ते परवडेल असं बांधलं जातं का, यावर ठरेल. पाचवं जहाज बांधायचं ठरलं, तर त्यात निदान दोनशे केबिन एकट्या माणसासाठी, एकट्याच्याच भाड्यात असाव्यात. तोवर एकट्याने निघणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी भाड्याचा तक्ता नीट वाचावा आणि दोघांचं भाडं मागणाऱ्या कंपनीला ते का, हे लेखी विचारावं.