जिन्नाची साक्ष

२०१८ ची बकरी ईद होऊन दोनच दिवस झाले होते. घरात पाहुणे अजून परतले नव्हते आणि त्या शुक्रवारी 'घूल' ही तीन भागांची हिंदी मालिका नेटफ्लिक्सवर आली. आमच्या वस्तीत तेव्हा ती सोय दोन-तीन घरांतच होती. तिथे पाहुणेरावळे, पोरेसोरे दाटीवाटीने बसली आणि पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर, मस्जिदीबाहेर चपला शोधता शोधता, बायकांच्या दुपारच्या बैठकीत त्याच मालिकेची चर्चा चालली. ही मते आम्ही तेव्हा नुसतीच ऐकून घेतली. त्यांचा अर्थ बराच उशिरा लागला.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ नजीकच्या भविष्यातला, देश आपलाच. कारभार दडपशाहीचा, पुस्तके जप्त होतात, माणसे उचलली जातात. निदा रहीम ही चौकशीचे प्रशिक्षण घेतलेली तरुण मुस्लिम अधिकारी. तिचे वडील प्राध्यापक. ते सरकारच्या विरोधात बोलतात, नको ती पुस्तके बाळगतात, म्हणून मुलगीच त्यांना यंत्रणेच्या हवाली करते. पुढे तिला 'मेघदूत ३१' नावाच्या गुप्त चौकशी केंद्रात पाठवले जाते. तिथे अली सईद नावाचा अतिरेकी आणला जातो. तो माणूस नसून घूल आहे, हे हळूहळू उलगडते. चौकशी करायला बसलेल्यांचीच पापे तो त्यांच्या तोंडावर बोलून दाखवतो आणि एकेकाचा बळी घेतो. पुण्यात वाढलेल्या राधिका आपटेने निदाचे काम केले आहे, दिग्दर्शक पॅट्रिक ग्रॅहम हा ब्रिटिश. गणवेश लष्करी असला तरी साचा आपल्या ओळखीच्या पोलिसी रहस्यकथेचाच आहे : बंद खोली, मधे टेबल, वर दिवा, आणि "बोल, कबूल कर."

मुस्लिमेतर प्रेक्षकांत वाद होता तो देशभक्तीचा. आपल्या सैनिकांना असे दाखवावे का, वगैरे. आमच्याकडचा वाद निराळाच होता. दोन वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेवर अंधश्रद्धा पसरवल्याचा आक्षेप घेतला गेला होता. 'घूल'बद्दल आमच्यात तसा आक्षेप कोणी घेतलाच नाही. जिन्न हा आमच्या श्रद्धेचा भाग. तो आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नव्हता. एक निवृत्त शिक्षक तेवढे म्हणाले की, घूल नाहीच असे सांगणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यांचे खरे आहे. उलेमांनी तिचा अर्थ वेगवेगळा लावला, ही गोष्ट अलाहिदा. पण मास्तरांचे ऐकते कोण?

वाद पेटला तो निदावरून. "बापाला पकडून देणारी ती कसली मुलगी?" असे बहुतेकांचे म्हणणे. बी. ए.ला असलेल्या एका मुलीने मात्र उलट विचारले, "सूरह निसामध्ये काय सांगितलंय? न्यायाची साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या विरोधात का जाईना. मग निदाचं चुकलं कुठे?" मंडळी क्षणभर गप्प झाली. आणि एका रिक्षावाल्या भावाने वेगळाच सूर लावला : "पोलिसापेक्षा तो जिन्न बरा. निदान खोटं तरी लिहून घेत नाही." यावर सगळे हसले. आम्हीही हसलो.

आता वाटते, या मालिकेची सगळी मोहिनी रिक्षावाल्याच्या त्या एका वाक्यात आहे. साध्या रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे पुराव्याने शोधावे लागते आणि शोधणारा चुकू शकतो. भुताखेतांच्या रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे आधीच ठाऊक असलेला कोणीतरी गोष्टीत हजर असतो. त्याला साक्षीदार लागत नाही, पंचनामा लागत नाही. प्रेक्षकाला जी खात्री आयुष्यात कधीच मिळत नाही, ती तिथे मिळते. ज्यांच्या वस्तीवर संशयाचे सावट कायमचे, त्यांना ही खात्री जास्तच गोड लागते, यात नवल नाही.

पण मुळात जिन्नाला हे ठाऊक असते का? सूरह सबामध्ये हजरत सुलैमान यांच्या वफातीचा प्रसंग आहे. ते काठीला टेकून उभे होते आणि त्याच अवस्थेत त्यांचा इंतकाल झाला. हुकमाचे बांधलेले जिन्न समोर राबत राहिले. त्यांना वाटत होते, मालक पाहतो आहे. अखेर जमिनीतल्या एका किड्याने काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा कुठे जिन्नांना कळले. गैबचे ज्ञान असते तर ते त्या कष्टात राहिले नसते, असे कुरआन सांगते. समोर उभा असलेला माणूस जिवंत की मृत हे ज्यांना कळले नाही, ते कोणाच्या मनातले पाप कुठून सांगणार? म्हणजे 'घूल'मधला जिन्न हा आमच्या श्रद्धेतला नव्हे. तो पटकथाकाराच्या सोयीचा आहे, आणि आमच्याही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच सापडते, असे आम्हाला वाटते. आयत सांगते साक्ष द्यायला. निदाकडे साक्ष होती कुठे? वडिलांनी कोणाचा खून करताना तिने पाहिले नव्हते. तिच्याकडे होता तो संशय, आणि त्यावर वरिष्ठांवरचा विश्वास की ते त्यांना 'सुधारून' परत पाठवतील. आईबापाच्या विरोधातही साक्ष द्या म्हणणारा तोच कुरआन सूरह हुजुरातमध्ये म्हणतो की, बहुतेक गुमानांपासून दूर राहा, काही गुमान हे गुनाहच असतात, आणि एकमेकांवर पाळत ठेवू नका. शहादत आणि गुमान यांच्यातला फरक तिने पुसला. बापाशी बेइमानी ही तिची चूक नव्हे. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे वागली, ही तिची चूक.

२०२५ च्या जुलैत ही मालिका आम्ही पुन्हा पाहिली. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक चार वर्षांपूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत धाडले नाही. खटल्याचा मोठा आधार होता कबुलीजबाब. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा नव्हे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने सांगितले होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम राहिले. इंग्रजांनाही आपल्या पोलिसांचा एवढा भरवसा नव्हता! १९९९ च्या मोक्का कायद्याने मात्र पोलीस अधीक्षकापुढची कबुली ग्राह्य धरली. उच्च न्यायालयाने त्या कबुल्या विश्वासार्ह मानल्या नाहीत. एकोणीस वर्षे गेली. आणि गाडीत जे मेले त्यांच्या घरच्यांच्या हाती काय आले? त्यांचा गुन्हेगार कोण, हे आजही कोणी सांगू शकत नाही. हे दुःख आपले नाही असे कोणी म्हणू नये.

त्या रात्री आमच्या घरी रिक्षावाल्याचे वाक्य पुन्हा निघाले, आणि या वेळी कोणी हसले नाही. पोलिसाची खात्री नको, पुरावा दाखवा, हे म्हणण्याचा हक्क आपला आहे. पण तो आपण आपल्या घरात पाळतो का?

सांगायला संकोच वाटतो. आमच्याच खानदानात वीसएक वर्षांपूर्वी एक मुलगी आजारी पडली. झोप नाही, जेवण नाही, मधूनच किंचाळायची. डॉक्टर झाले, तावीज झाले, मग तिला एका दर्ग्यावर नेले. तिथे तिला हाजरी आली. केस मोकळे, मान गरगर फिरते आहे, आवाज बदललेला. मुजावराने विचारले, "कोणी पाठवलं तुला? नाव घे." चौकशीचा थाट अगदी 'मेघदूत ३१'सारखा, फक्त दिव्याच्या जागी लोबान. बऱ्याच वेळाने नाव आले. ते तिच्या भाभीचे होते.

जमलेल्यांत आम्हीही होतो. कोणी विचारले नाही की, हे कोण बोलते आहे? आजारी पोरीचे मन बोलते, घरातले जुने भांडण बोलते, की खरोखरच कोणी जिन्न बोलतो? आणि जिन्नच असेल तर तो खरे कशावरून सांगतो? फासिक माणसाने आणलेली बातमीही आधी पारखून घ्या असा हुकूम असताना, ज्याचा चेहराही दिसत नाही त्याची बातमी आम्ही जशीच्या तशी घरी आणली. भाभीला माहेरी पाठवले. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात एखाद्यावर करणीचा आळ घेणे हा गुन्हा ठरला. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावरच त्याचा अध्यादेश निघाला. पण भाभीच्या वेळी तो कायदा नव्हता, आणि असता तरी घरच्या माणसांवर फिर्याद द्यायला ती गेली नसती. मुलगी पुढे मानसोपचाराच्या गोळ्यांनी सुधारली. तिचे लग्न झाले, मुले झाली. हाजरीत आपण काय बोललो ते तिला आठवतही नाही.

मालिकेच्या अखेरीस कळते की घूलला बोलावणारे निदाचे वडीलच होते. मुलीला सत्य दिसावे म्हणून त्यांनी ते केले. तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भाभी आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, भावाकडे राहते, शिवणकाम करते. 'घूल'बद्दल आम्ही साऱ्या वस्तीची मते ऐकली. तिने ती पाहिली का, हे कोणी तिला विचारले नाही. त्या दिवशी दर्ग्यावरून परतल्यावरही तिला कोणी काही विचारले नव्हते.