पीक तगावे, पण कोणाच्या जिवावर?

दरवर्षी अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. आपला त्यावर विश्वास असो वा नसो, त्यामागची काळजी आपल्या ओळखीची आहे. यंदा पेरलेले हाती लागेल का?

ही काळजी आता वाढली आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरडून गेली. कधी याच्या उलट, सोयाबीन ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस दडी मारतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरले की जादा पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेतल्या तर एक पीक गेले तरी दुसऱ्याचा आधार राहतो. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने बुलढाण्यासह १५ जिल्ह्यांत हीच दिशा धरली.

पण येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. नवी पद्धत करून पाहायची तर यंत्राचे भाडे लागते आणि एखादा हंगाम फसला तर तो सोसण्याची ताकद लागते. दोन एकरवाल्याकडे ती कुठून येणार? बटईने कसणाऱ्याचे तर सातबाऱ्यावर नावही नसते. पीक बुडते त्याचे, भरपाई मात्र बहुधा मालकाच्या खात्यात जाते.

कोणी म्हणेल, नफा ज्याचा, नुकसानही त्याचेच. हा न्याय वरवर सरळ दिसतो. परंतु पाऊस बिघडला त्यात या शेतकऱ्याचा हात किती? धूर ओकणारे कारखाने आणि गाड्या त्याच्या नाहीत. त्याने पिकवलेली डाळ आणि तेल मात्र आपल्या सर्वांच्या ताटात आहे. धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात शिकवले ते याचसाठी.

म्हणून पिकाला तगवणे हे केवळ बियाण्याचे किंवा यंत्राचे काम नाही. ते शेजारधर्माचेही काम आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने शेजाऱ्याची पेरणी वेळेवर करून द्यावी. शेत बुडाले त्या वर्षी मालकाने मक्ता सोडावा, भरपाई वाटून घ्यावी. सोयाबीनचे घरचे बियाणे वापरता येते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून सत्तरच्या वर उगवले, तर त्यातले पायलीभर गरजूला द्यावे.

आभाळ आपल्या हाती नाही. पण आभाळ फाटले तर एकट्यानेच भिजायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवतो.