तीन शंकर

वर्गात दोन शंकर असले की हजेरी घेताना मास्तर वडिलांचे नाव जोडत आणि तिढा सुटे. आपली तीनपदरी नावे अशी व्यवहाराला सोयीची. पण १८५३ ते १८८४ या ३१ वर्षांत मुंबई इलाख्यात जन्मलेले तीन शंकर शेजारी बसवले की वेगळाच प्रश्न पडतो. तिघेही असामान्य बुद्धीचे. मग एकाचे काम विरून गेले आणि दोघांचे टिकले, असे का व्हावे?

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ सालचा, मुंबईतला. यंत्रांचे वेड त्यांना १८९९ साली लंडनला घेऊन गेले. दादाभाई नौरोजी पाठीशी होते. छपाईचे खिळे ओतणारे त्यांचे यंत्र ‘भिसोटाइप’ म्हणून ओळखले गेले. पण लायनोटाइप आणि मोनोटाइप या कंपन्या तोवर बाजारात पाय रोवून बसल्या होत्या. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभे करण्याची खटपट केली, ती फसली. पुढे १९१० साली सर रतन टाटांच्या आधाराने सिंडिकेट निघाले. त्यानेही नशीब उघडले नाही. भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणत. गौरवासाठीसुद्धा दुसऱ्याचे नाव उसने आणावे लागले!

शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक. गुप्तकालीन शिलालेखांच्या तिथी लावताना शिलालेखांचे अभ्यासक फ्लीटसाहेब यांनी त्यांच्या गणिताचा आधार घेतला. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, हे शतपथ ब्राह्मणातले विधान घेऊन दीक्षितांनी अयनचलनाचा, म्हणजे विषुवबिंदू हळूहळू सरकण्याचा, हिशोब मांडला आणि ते निरीक्षण इसवी सनापूर्वी ३०००च्या सुमाराचे ठरवले. या अनुमानावर वाद आजही आहे. पण वाद घालायला त्यांचे पान उघडावेच लागते. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत निघाला, आणि त्याच वर्षी इंग्रज अभ्यासक सिवेल यांच्याबरोबरचा पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथही. १८९८ साली ते गेले. पोथ्या, पंचांगे आणि आकडेमोड एवढ्यावर त्यांचे काम चाले. कारखान्याच्या भांडवलाची त्याला गरज नव्हती.

शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, जन्म १८८४. सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याचे सगेसोयरे तोवर आफ्रिकेतच माहीत होते. शास्त्रीय नावात ‘इंडिका’ आले, आघारकर नाही. बर्लिनला शिकून आल्यावर ते कलकत्त्याला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४६ साली, निवृत्तीच्या वयात, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा पाया घातला. १९६० साली ते गेले. तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव १९९२ साली लागले.

यातून ‘बुद्धीपेक्षा पैसा मोठा’ असे सोपे तात्पर्य काढू नये. १९१० सालीच कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला. त्यांचा लोखंडी नांगर भिसोटाइपइतका चतुर नव्हता. पण ओतशाळा, कारागीर आणि शेतकरी त्याच मुलखातले होते. नांगर मोडला तर दुरुस्तीलाही माणूस जवळ होता. भिशांना कल्पना सुचली मुंबईकर डोक्यातून, भांडवल हवे लंडनचे, झुंज प्रस्थापित कंपन्यांशी. यंत्र एकट्याच्या अकलेवर जन्माला येते, जगते मात्र अनेकांच्या हातांवर. ते हात भिशांच्या वाट्याला आले नाहीत.

आज शेतकरी ‘एमएसीएस’ नावाचे सोयाबीन पेरतो. ती विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. त्यांत शंकर नाही, आघारकरही नाहीत. पेरणाऱ्याला त्याचे काही अडत नाही. बियाणे उगवते की नाही, एवढेच तो बघतो. कर्तृत्व मोजायला हेच माप बरे. मात्र ते भिशांना लावण्याआधी, त्यांच्या बियाण्याला आपण जमीन कुठे दिली होती, तेही विचारायला हवे.