अपुरी गोधडी

देवणी व उदगीर या भागांतील खेड्यांत उन्हाळ्यात शेतकामाची घाई ओसरली म्हणजे जुनी लुगडी व धोतरे बाहेर निघतात आणि गोधडीचे काम सुरू होते. पावसाळ्यापूर्वी ती पुरी व्हावी अशी प्रत्येकीची इच्छा असते. परंतु मृग लागतो, पेरणीची धांदल उडते आणि अर्धी शिवलेली गोधडी गुंडाळून कोपऱ्यात जाते. पुढे शेजारीण विचारते, "काय गं, झाली का गोधडी?" तेव्हा घरची बाई लाजून विषय बदलते. यावरून एक प्रश्न उत्पन्न होतो. तो लहान दिसला तरी नीतीचा आहे : अपुरे राहिलेले काम झाकून ठेवावे, की बंधुभगिनींपुढे उघडे करावे?

झाकावे असे म्हणणारे लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायातील बुरुजाचा दृष्टांत पुढे करतात. त्या मनुष्याने खर्चाचा हिशेब न करता पाया घातला आणि लोक त्याला हसले. परंतु त्या दृष्टांताचा रोख शिष्यत्वाची किंमत आधी मोजावी याकडे आहे. हसणाऱ्यांची त्यात स्तुती नाही.

आता गोधडीचेच पाहा. थर नीट पसरून आधी कच्चे टाके घातले नाहीत, तर धावदोरा आत सरकत जातो तसतसा कापडास झोळ येतो. तो वेळीच एखाद्या जाणत्या आजीस दाखविला, तर ती म्हणते, "एवढी वीतभर उसव, बाई." लाजेने लपविला, तर पुढे सारीच उसवावी लागते. कोणाचा दोरा संपलेला असतो, कोणाची नजर अधू झालेली असते. एकीची अडचण दुसरीच्या हाताने सुटते. परंतु ती कळल्यावाचून कशी सुटणार? नहेम्याच्या वेळी यरुशलेमाचा कोट बांधला जात असता शत्रूंनी थट्टा मांडली. तरी अनेक कुटुंबांनी आपापला भाग उचलला आणि 52 दिवसांत कोट पुरा झाला.

कित्येक कामे तर आरंभ करणाऱ्याच्या हातून पुरी होतच नाहीत. रेव्ह. नारायण वामन टिळक 1919 साली प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे "ख्रिस्तायन" हे काव्य अपुरे होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ते पुढे चालवून पूर्ण केले. माझे काम माझ्याच हातून पुरे झाले पाहिजे, हा हट्ट पुष्कळदा अभिमानाचेच दुसरे रूप असतो.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. रोज रडगाणे गावे व सुई हाती धरू नये, हा आळस होय. त्यास अडचण म्हणता येत नाही. तसेच ऐकणाऱ्यावरही एक कर्तव्य येते. "अजून झाली नाही?" असे विचारल्याने तोंड मिटते, "कोठे अडली?" असे विचारल्याने गाठोडे सुटते.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट केवळ बायकांच्या शिवणाची नव्हे. आपल्या मासिक अहवालात किती वेळा फक्त पुऱ्या झालेल्या कामांचीच नोंद असते! ज्या वस्तीत बाप्तिस्म्याचा वर्ग अर्ध्यावर मोडला, ज्या घरी प्रार्थना बंद पडली, तेथील हकीकत आपण लज्जेने गाळतो. आणि मग त्या घरासाठी मंडळीत कोणी प्रार्थना करीत नाही, कोणी तिकडे जातही नाही. अपयश लपविल्याने आपला मान कदाचित राहील, पण ते घर मात्र एकटे पडेल.

म्हणून पुढील स्त्रियांच्या सभेस प्रत्येकीने आपली अपुरी गोधडी घेऊन यावे, आणि उपदेशकांनी आपली अपुरी कामे मंडळीपुढे मांडावी. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले त्याप्रमाणे, ज्याने आपल्यामध्ये चांगले काम आरंभिले तो ते सिद्धीस नेईल असा आपला भरवसा आहे. आपण सर्वच त्याच्या हातातील अपुरी कामे आहोत. मग एकमेकांपासून काय लपवावे?