खापर देवाच्या माथी

आम्हा संगणकवाल्यांच्या जगात एखादी सिस्टीम बंद पडली की पहिला प्रश्न येतो, "कुठं चुकलं?" आणि पहिलं उत्तर येतं, "माझ्याकडे सगळं बरोबर होतं!" हे उत्तर किती जुने आहे, ते बायबलच्या पहिल्याच पुस्तकात कळते.

आदामाची कथा मराठीला नवी नाही. फादर स्टीफन्स यांच्या, १६१६ साली गोव्यात छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ती ओव्यांतून आली आहे. मनाई असलेले फळ खाल्लेस का, असे देव विचारतो. आदाम सांगतो, की देवानेच सोबतीला दिलेल्या स्त्रीने ते दिले. एका वाक्यात बायकोही अडकली आणि देवही! हव्वा सापाकडे बोट दाखवते. सापाला मात्र देव काहीच विचारत नाही, थेट शाप देतो. मला वाटते, मर्म इथेच आहे. जाब त्यालाच विचारतात, जो उत्तर देऊ शकतो. जाब विचारणे हा एका अर्थी माणसाचा मानच आहे.

येशूच्या एका दृष्टान्तात मालक तीन चाकरांकडे पैसे सोपवून परगावी जातो. दोघे ते दुप्पट करतात. तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि वर मालकालाच सुनावतो, की तुम्ही कठोर, म्हणून मी घाबरलो. याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच बजावले आहे, की मोहात पडणाऱ्याने देवावर ठपका ठेवू नये. आपल्याला ओढून नेते ती आपलीच वासना.

म्हणजे प्रत्येक दुःख हे आपल्याच पापाचे फळ का? तसेही नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? येशू सांगतो, त्याचेही नाही आणि आईवडिलांचेही नाही. सर्वस्व गमावलेला ईयोब देवाशी कडाडून भांडतो. पण शेवटी देवाचा राग होतो तो 'तुझेच पाप असणार' म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांवर. दुःखात देवाशी भांडायला मुभा आहे. आपल्या करणीवर त्याचे नाव घालायला नाही.

आपल्या बोलण्यात देवाच्या जागी पुष्कळदा 'योग' येतो. आई आजारी आणि व्हिसा अडकलेला, याला योग म्हणावे. पण 'पुढच्या वर्षी नक्की जाऊ' असे पाच वर्षे घोकून शेवटी "भेटीचा योगच नव्हता" म्हणणे, हे आदामाचेच उत्तर झाले. तिकीट काढायचे की नाही, हे दर वर्षी घरातच ठरत होते.

मुले हे ऐकत असतात. आजीकडे का गेलो नाही, असे त्यांनी विचारले तर "आम्हीच तसं ठरवलं" म्हणणे जड जाते. पण पुढच्या सुट्टीचे तिकीट निघाले, तर ते याच उत्तरातून निघेल.