यंत्र कोणाच्या हिशेबात?

विमा म्हणजे काय, हे सांगणे अवघड नाही. शंभर घरे थोडेथोडे पैसे एका ठिकाणी ठेवतात. त्यांतल्या कोणाच्या तरी दारात संकट येणार हे नक्की. पण कोणाच्या, ते आज कोणालाच ठाऊक नाही. ज्याच्यावर येईल त्याला त्या पैशांतून सावरायचे. या साऱ्या व्यवहाराचा जीव त्या 'ठाऊक नाही'मध्ये आहे. मग ज्या घरात संकट आधीच येऊन बसले आहे आणि दहा वर्षांनीही तिथेच असणार आहे, त्या घराचे काय? जन्मापासून आजारी असलेल्या लेकराच्या आईबापांनी या शंभर घरांत बसायचे की नाही? बसले, तर त्यांना काय मागता येईल आणि काय नाही?

प्रश्न कागदावरचा वाटू नये म्हणून वरोऱ्यातले एक घर डोळ्यांपुढे आणू. बाप कोळसा खाणीच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर आहे. नोकरीबरोबर गटविमा आला आहे, त्यात बायको आणि मुलेही आहेत. धाकट्या मुलाची फुप्फुसे जन्मतःच कमकुवत. हिवाळा आला, हवेत धूळ आणि धूर वाढला की त्याचा दम कोंडतो. मग रात्री गाडी करायची आणि शंभर किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे. तिथे चार दिवस अतिदक्षता विभागात, चार दिवस वॉर्डात. बिल विमा कंपनी भरते. घरी सोडताना डॉक्टर लिहून देतात : घरी नेब्युलायझर ठेवा, सक्शन मशीन ठेवा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ठेवा; वेळीच वाफ आणि ऑक्सिजन मिळाला तर बहुतेक वेळा इथवर यावेच लागणार नाही. बाप ती चिठ्ठी आणि पावत्या कंपनीकडे पाठवतो. उत्तर येते : ही यंत्रे पॉलिसीत बसत नाहीत.

हे घर मी कल्पनेने उभे केले आहे. उत्तर मात्र काल्पनिक नाही. आपल्या देशात विमा नियामक प्राधिकरणाने ज्या वस्तूंचे पैसे सर्वसाधारण पॉलिसीत मिळत नाहीत त्यांची एक यादी ठरवून दिली आहे. तिच्यात ६८ बाबी आहेत. मिनरल वॉटर, टेलिफोनचा खर्च, टीव्हीचा खर्च, कपडे धुण्याचा खर्च, सौंदर्यसेवा. वाचणारा मान डोलावतो. खरेच, हे विम्याने का भरावे? पण त्याच यादीत, त्याच रांगेत पुढे आहेत नेब्युलायझर किट, स्पेसर, चालण्यासाठीची साधने, मधुमेहींची पादत्राणे आणि रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर. टीव्ही पाहणे आणि श्वास घेणे एकाच यादीत बसले आहेत. अलीकडे काही कंपन्या जादा हप्ता घेऊन या वस्तूंचेही पैसे देऊ लागल्या आहेत. पण ते बहुधा पेशंट रुग्णालयात दाखल असेपर्यंतच. घराचा उंबरठा ओलांडला की यंत्र पुन्हा 'वस्तू' होते.

विमा कंपनीची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ती म्हणते, रुग्णालयातला खर्च तपासता येतो. तिथे डॉक्टरची सही असते, तारीख असते. घरी नेलेले मशीन कोण वापरतो, कसे वापरतो, उद्या ते विकले जाते का, हे आम्ही कसे पाहणार? शिवाय ज्या खर्चाची आज खात्री आहे त्याला विमा म्हणतच नाहीत, त्याला उधारी म्हणतात. एकाची कायमची गरज सगळ्यांच्या हप्त्यावर चढली तर धडधाकट माणसे बाहेर पडतील, मागे फक्त आजारी उरतील आणि हंडाच रिकामा होईल. हा युक्तिवाद खोटा नाही. नफेखोरीचा शिक्का मारून तो बाजूला सारता येत नाही, कारण नफा नसलेल्या व्यवस्थेलाही तो भेडसावतो.

त्याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत एक योजना सुरू केली. डॉ. उल्हास जाजू हे तिच्यामागचे प्रमुख नाव. सुगीच्या दिवसांत, हातात धान्य असताना, प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची. ज्याची शेती जास्त त्याने जास्त द्यायची. मोबदल्यात अचानक आलेल्या आजारासाठी रुग्णालयात मोफत उपचार. ज्वारीचा विमाच तो. गरिबाच्या खिशात वर्षभर पैसा नसतो पण सुगीत धान्य असते, हे ओळखणारी माणसेच असे काही उभे करू शकतात. तरीही त्या योजनेलाही रेघ ओढावी लागली. मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचे बाळंतपण अशा आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींना पूर्ण माफी नव्हती, सवलत होती. म्हणजे सद्भावनेने भरलेला हंडाही 'ठाऊक असलेल्या' दुखण्यापुढे हात आखडता घेतो.

तर मग कंपनीचे म्हणणे मान्य करून गप्प बसायचे? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या 'ठाऊक नाही'मध्येच आहे. आज या मुलाचा आजार ठाऊक आहे, हे खरे. पण तो जन्मण्याआधी कोणाला ठाऊक होता? असे लेकरू कोणाच्या घरी येणार, हे शंभर घरांपैकी एकालाही सांगता आले नसते. खरी सोडत तिथे निघाली. ती निघून गेल्यावर दार लावून घ्यायचे आणि वर म्हणायचे की आता यात अनिश्चित काही उरलेच नाही, हा हिशेब अर्धा आहे. पूर्ण हिशेब करायचा तर शंभर घरांनी जन्माच्या आधीच्या जागेवर उभे राहून करार केला पाहिजे. तिथे उभा राहिलेला कोणता बाप म्हणेल, अतिदक्षता विभागाचे लाखभर द्या, पण तिथे जाणे टाळणाऱ्या मशीनचे काही हजार देऊ नका?

अमेरिकेत हाच पेच १९८१ साली सगळ्यांपुढे आला. आयोवा राज्यातली केटी बेकेट ही तीन वर्षांची मुलगी मेंदूज्वरानंतर श्वासाच्या यंत्रावर होती. ती रुग्णालयात राहिली तर सरकारी योजना सगळा खर्च देणार. घरी गेली तर नाही. घरचा खर्च रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी होता. अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत या नियमावर बोट ठेवले, ती घरी गेली आणि १९८२मध्ये कायद्यात अशा मुलांसाठी वाट निघाली. ती शिकली, मोठी झाली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२ साली वारली. नियमाने तिला रुग्णालयात 'रुग्ण' मानले होते. घरी ती 'मुलगी' होती, आणि मुलीसाठी त्या नियमात रकाना नव्हता.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो आणि तो टाळणे बरे नाही. अनेक मोहल्ल्यांत आजही म्हटले जाते की विमाच मुळात नाजायज; त्यात अनिश्चितता आहे, जुगाराचा अंश आहे, पैसा व्याजावर फिरतो. यावर उलेमांत मतभेद आहेत. तो वाद सोडवण्याचा अधिकार माझा नाही. पण आक्षेप कशावर आहे ते पाहावे. संकटात एकमेकांचा भार उचलण्यावर तो नाही. दुसऱ्याच्या संकटावर नफा कमावण्यावर आहे. म्हणूनच १९७९मध्ये सुदानात आणि १९८४च्या कायद्याने मलेशियात तकाफुलची वाट काढली गेली : प्रत्येकाने देणगी म्हणून हप्ता द्यायचा आणि त्या देणगीतून ज्याच्यावर बेतेल त्याला मदत करायची. ज्वारी जमा करणाऱ्या वर्ध्याच्या शेतकऱ्याने तकाफुल हा शब्द ऐकला नसेल. पण त्याची ज्वारी त्याच जातीची होती. मात्र जो बाप विमा नाजायज म्हणून घेत नाही, त्याच्या आजारी मुलाचा भार मग जमातीने उचलायला हवा. मनाई सांगायची आणि पर्याय द्यायचा नाही, ही दीनदारी अपुरी आहे.

जमात हा भार कशातून उचलेल? पहिले उत्तर येते जकातीचे. हनफी मताप्रमाणे जकात देताना वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. त्याला तमलीक म्हणतात. म्हणजे गरजू मुलाच्या घरी जकातीतून नेब्युलायझर देता येईल, ते त्याचेच होईल. पण दहा घरांत फिरणारे ऑक्सिजन मशीन जकातीतून घ्यायचे म्हटले की अडचण येते, कारण त्याचा मालक कोणी एक नाही. तिथे सदका आहे, वक्फ आहे. कैरोमध्ये सुलतान कलाऊनने १२८४ साली उभारलेले मन्सूरी रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चालत होते आणि गरीब-श्रीमंत दोघांनाही खुले होते. आपल्याकडे वक्फ म्हटले की कब्रस्तान, मशीद आणि कोर्टातले खटले आठवतात. गावातल्या जमातीने पाच-सहा यंत्रे वक्फ करून ठेवली, कोणाकडे कोणते आहे त्याची वही ठेवली, तर त्याला इमारत लागत नाही, एक कपाट पुरते.

पण इथे थांबले तर गोष्ट घसरते. जकातीबद्दल आपली शिकवण अशी की ती देणाऱ्याचे उपकार नव्हेत, घेणाऱ्याचा हक्क आहे. हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत विसरतो, गरजूला दारात रांगेत उभे करतो. आजारी लेकराची आई त्या रांगेत वर्षातून एकदा उभी राहू शकेल. तिचे लेकरू मात्र बाराही महिने श्वास घेते. दरवर्षी नव्याने दया यावी लागते, हक्क नव्याने यावा लागत नाही. म्हणून जमातीचे कपाट असावे, पण ते सरकारला आणि विमा कंपनीला सुटका देणारे नसावे.

सरकारच्या बाजूला काय आहे? २०१२ साली गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मोठा आधार आहे तिचा. पण तिचाही गाभा रुग्णालयात होणारे ठराविक उपचार हाच आहे. दुसरीकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार दिव्यांगतेच्या यादीत घेतले. सिकलसेलने पोखरलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीसाठी ही लहान गोष्ट नव्हे. त्याच कायद्याचे २४वे कलम उत्पन्नाच्या मर्यादेत साधने, औषधे आणि तपासण्या मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४मध्ये, एका रिक्षाचालकाच्या मुलाच्या दुर्मीळ आजाराच्या खटल्यात, पैसा नाही हे कारण सांगून सरकारला जबाबदारीतून सुटता येणार नाही अशी भूमिका घेतली आणि उपचार मोफत देण्याचा आदेश दिला. २०१८मध्ये त्याच न्यायालयाने आनुवंशिक आजार सरसकट विम्याबाहेर ठेवणे घटनेत बसत नाही असे ठरवले. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. डॉक्टरकडून यंत्राची गरज स्पष्ट लिहून घेणे, नकार लेखी मागणे, विमा लोकपालाकडे तक्रार करणे या गोष्टींना वकील लागत नाही आणि लोकपालाकडे फीही लागत नाही. दिव्यांगतेचे प्रमाणपत्र काढायला आपल्यातले कितीतरी आईबाप कचरतात, मुलावर शिक्का बसेल म्हणून. तो शिक्का नव्हे, मागणीचा आधार आहे.

वरोऱ्यात हा विषय लिहिताना आनंदवन वगळता येत नाही. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली ती याच आग्रहाने की माणसाला दान नको, काम हवे. दानाने तो वाकतो, कामाने ताठ होतो. मग कोणी विचारेल, यंत्र फुकट मागणे हे त्या शिकवणीच्या विरुद्ध नाही का? उत्तर बाबांच्याच आयुष्यात आहे. मणक्याच्या आजाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते. १९८५-८६च्या भारत जोडो अभियानात, कन्याकुमारी ते काश्मीर, तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीत अंथरुणावर आडवे. ती गाडी आणि ते अंथरूण काढून घ्या, आणि मग त्यांना काम करा म्हणा! साधन हे दान नव्हे. काम ज्याच्यामुळे शक्य होते ती जमीन आहे. शाळेत जाणे हेच लहान मुलाचे काम. श्वासाचे यंत्र घरी असेल तर ते मूल सकाळी दप्तर उचलेल. नसेल तर नागपूरच्या गाडीत असेल.

राहिला शेवटचा प्रश्न : रेघ कुठे ओढायची? सगळेच हक्क म्हटले तर हंडा पुरणार नाही, ही भीती रास्त आहे. मला सुचणारी कसोटी साधी आहे. जी वस्तू रुग्णालयात खाटेशेजारी असती तर 'उपचार' म्हणून बिलात धरली गेली असती, ती डॉक्टरच्या चिठ्ठीने घरच्या खाटेशेजारी आली तरी उपचारच आहे. या कसोटीत मिनरल वॉटर बसत नाही, टीव्ही बसत नाही. नेब्युलायझर बसतो, ऑक्सिजन बसतो. गैरवापराची भीती असेल तर यंत्र विकत न देता वापरायला द्यावे, वर्षाला तपासावे, गरज संपल्यावर परत घ्यावे. एका आजारी मुलाच्या घराला चोर समजून सगळ्या आजारी मुलांचा श्वास तोलणे, हा मात्र कोणत्याच हिशेबात न्याय नव्हे.

या सगळ्या हिशेबात एक हप्ता कुठेच लिहिला जात नाही. रात्री दोन वाजता उठून मुलाच्या तोंडावर मास्क धरणाऱ्या आईचा. तो ती कोणत्याही पॉलिसीशिवाय, रोज भरते. शंभर घरांनी निदान यंत्राचे पैसे भरावेत, एवढेच मागणे आहे.